जिओकॅशिंग सुरू करताना: बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या नवख्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, खानापूर, चिकोडी, निपाणी, हुक्केरी, गोकाक या पट्ट्यात राहणाऱ्या आणि हा खेळ पहिल्यांदाच खेळू पाहणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. परदेशातल्या लोकांनी लिहिलेले सल्ले ढीगभर मिळतात. पण जांबोटीच्या रस्त्यावर किंवा शहापुरातल्या गल्लीत काय चालतं आणि काय अंगाशी येतं, ते त्यात नसतं.

हा खेळ नेमका आहे तरी काय?

कुणीतरी एक डबी बाहेर कुठंतरी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण मोबाईलवरच्या जीपीएसच्या आधारानं तिथवर जायचं, डबी शोधायची, आतल्या कागदावर आपलं नाव आणि तारीख लिहायची, डबी होती तशी परत ठेवायची आणि घरी येऊन किंवा तिथूनच ॲपवर नोंद करायची. शर्यत नाही, बक्षीस नाही. ॲपमध्ये या डबीला जिओकॅश किंवा नुसतं कॅश म्हणतात. मी पुढं डबीच म्हणणार आहे.

डबीत पैसे किंवा काही किमती असतं का?

नाही. सगळ्या डब्यांत एक गोष्ट हमखास असते, ती म्हणजे नावं लिहायचा कागद. मोठ्या डबीत गोट्या, किल्लीची साखळी, बिल्ले, छोटी खेळणी अशा किरकोळ वस्तू असतात. त्यातली एखादी घ्यायची असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाची दुसरी ठेवायची. काही न घेता नुसती सही केली तरी चालते. खाण्याच्या वस्तू, औषधं, दारू, काडेपेटी, चाकू यातलं काहीही ठेवायचं नाही. खाण्याचं तर मुळीच नाही. कुंद्याचा तुकडा कितीही प्रेमानं ठेवलात तरी तो मुंग्यांनाच मिळणार, आणि रानात असाल तर माकडं डबीसकट घेऊन जातील.

हे सुरू कुणी केलं?

अमेरिकेचं सरकार २००० सालापर्यंत सामान्य लोकांना मिळणाऱ्या जीपीएसच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायचं. त्यामुळं जागा शंभर मीटरनंही इकडंतिकडं दाखवली जायची. २ मे २००० ला ती चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर या माणसानं ओरेगन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळच्या झाडीत एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. माईक टीग यानं ती पहिल्यांदा शोधली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात जिओकॅशिंगचं संकेतस्थळ सुरू झालं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त डब्या आहेत.

त्या बादलीत पुस्तकं, पैसे, गलोल अशा वस्तूंबरोबर घेवड्याच्या बियांचा एक बंद डबाही होता. आजचे नियम लावले तर ती बादली मंजूरच झाली नसती.

साधा मोबाईल पुरतो, की वेगळं यंत्र घ्यायला लागतं?

मोबाईल पुरतो. उघड्या आकाशाखाली आताचे फोन तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतात. दाट झाडीत, उंच इमारतींच्या मधे किंवा कड्याच्या पोटाशी हीच चूक दहा-पंधरा मीटर होते. बाण भलतीकडं वळत असेल तर फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवा, होकायंत्र ताळ्यावर येतं.

ॲप दोन. एक जिओकॅशिंगचं अधिकृत. त्याचं मोफत खातं काढता येतं, पण मोफत खात्यावर ॲपमध्ये सगळ्या डब्या दिसत नाहीत, मुख्यतः सोप्याच दिसतात. संकेतस्थळावर जाऊन बघितलं तर जास्त दिसतात. दुसरं अँड्रॉइडवरचं ‘सी-जिओ’, हे मोफत आणि स्वतंत्र आहे. त्यात नकाशे आधी उतरवून ठेवता येतात. खानापूरच्या पश्चिमेला गेलात की नेटवर्क मधेच जातं, ते नंतर कधी येईल याचा भरवसा नाही. म्हणून डबीचं पूर्ण वर्णन, खुणेची ओळ (लपवणाऱ्यानं दिलेला इशारा) आणि त्या भागाचा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्या.

हातात धरायचं साधं जीपीएस यंत्र कुणाकडं असेल तर जरूर वापरा, बॅटरी जास्त टिकते. पण उपग्रहावरून थेट संदेश पाठवणारं यंत्र आणि सॅटेलाइट फोन या दोन गोष्टी भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. गोव्याच्या विमानतळावर परदेशी पाहुण्यांना यावरून पोलिसांना तोंड द्यावं लागलं आहे. परदेशातला भाऊ-पुतण्या भेट म्हणून असलं काही पाठवत असेल तर आधीच नको म्हणा.

ते अंश-मिनिटांचे आकडे डोक्यावरून जातात. कसे वाचायचे?

नवखे सगळ्यात जास्त इथंच फसतात, म्हणून जरा सावकाश.

डबीच्या पानावर आकडे असे येतात: उत्तर १५° ५१.०००', पूर्व ७४° ३०.०००'. म्हणजे पंधरा अंश आणि एक्कावन्न मिनिटं. एका अंशात साठ मिनिटं असतात, शंभर नव्हे. नेहमीच्या नकाशाच्या ॲपला मात्र अंशच दशांशात लागतात. म्हणून ५१ ला ६० नं भागायचं: ०.८५. झाले १५.८५. तसंच ३० भागिले ६० म्हणजे ०.५, झाले ७४.५. ही जागा बेळगाव शहरातच येते.

आता कुणी घाईत १५.५१, ७४.३० असं टाकलं तर? दक्षिणेला सदतीस-अडतीस किलोमीटर आणि पश्चिमेला एकवीस-बावीस किलोमीटर सरकलात. म्हणजे खानापूरच्याही पलीकडं, गोव्याच्या हद्दीजवळच्या जंगलात. शहरातली डबी शोधायला निघालेला माणूस दुचाकीवरून तिकडं जाईल आणि वर डबी नाही अशी तक्रारही करेल.

मिनिटांच्या पुढचा तिसरा आकडा एकानं बदलला तर जागा साधारण पावणेदोन ते दोन मीटर सरकते. म्हणून तिन्ही आकडे टाकायचे, पुढचे गाळायचे नाहीत. जिओकॅशिंगचं ॲप वापरलंत तर ही भागाभागी करावी लागत नाही. पण कुणी व्हॉट्सॲपवर आकडे पाठवले तर करावी लागते.

आपल्या भागात डब्या आहेत का?

नकाशा उघडा आणि बघा, तो रोज बदलतो. अपेक्षा मात्र आवरती ठेवा. युरोपातल्या एखाद्या शहरात चहा पिऊन होईपर्यंत तीन डब्या सापडतील. भारतात अजून हा खेळ विरळ आहे. गोव्यात परदेशी पर्यटकांमुळं आणि पुण्या-बंगळुरात आयटीवाल्यांमुळं जरा बरं चित्र दिसतं. तिकडं जाणं होतंच आपलं; लग्नाला, कामाला, मुलीला कॉलेजात सोडायला. पहिली डबी तिथं शोधा आणि हात बसला की इथं स्वतःची ठेवा.

जवळची डबी निवडताना शेवटच्या नोंदी वाचा. दोन वर्षांत कुणी सापडल्याचं लिहिलं नसेल, उलट ‘नाही मिळाली’ अशा ओळीच ओळी असतील, तर पहिल्या खेपेला तिच्या नादी लागू नका.

अडचणीचे आकडे म्हणजे काय?

दोन आकडे असतात, दोन्ही एक ते पाच, मधे अर्ध्याच्या पायऱ्या. पहिला शोधणं किती अवघड ते सांगतो, दुसरा तिथवर पोचणं किती अवघड. जागेचा आकडा १ असेल तर व्हीलचेअरनं जाता येतं. ५ असेल तर दोर, होडी असलं काही साधन लागतं. सुरुवात दीड-दीडपर्यंतच्या डब्यांनी करा. आकारही दिलेला असतो: शंभर मिलिलिटरच्या आतली सूक्ष्म, लिटरपर्यंतची लहान, त्यावर मध्यम, मोठी. पहिली डबी ‘लहान’ आकाराची निवडा. सूक्ष्म म्हणजे कधी कधी करंगळीच्या पेराएवढी लोहचुंबकाची डबी असते, ती लोखंडी कठड्याच्या खालून चिकटवलेली असली तर तासभर तिच्यासमोर उभं राहूनही दिसत नाही.

प्रकारही बरेच आहेत. ‘पारंपरिक’ प्रकारात दिलेल्या आकड्यावरच डबी असते. ‘मल्टी’त एका जागी पुढच्या जागेचे आकडे मिळतात. कोड्याच्या प्रकारात घरी बसून आधी कोडं सोडवायचं. नवख्यानं पारंपरिक सोडून दुसऱ्याकडं सध्या बघू नये.

आकड्यावर पोचलो, पण डबी दिसत नाही. आता?

फोन खिशात घाला. शेवटच्या दहा मीटरमधे तो नुसता नाचवतो. आता लपवणाऱ्याच्या डोक्यानं विचार करा: इथं डबी ठेवायची तर मी कुठं ठेवली असती? जांभ्या दगडाच्या गडग्यात एखादा चिरा बाकीच्यांपेक्षा स्वच्छ दिसतोय का? वडाच्या पारंब्यांच्या बुंध्याशी काटक्या फारच नीट रचल्यात का? निसर्ग एवढी टापटीप करत नाही. मग खुणेची ओळ बघा. ती संकेतात लिहिलेली असते, इंग्रजी वर्णमालेत प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढं सरकवून. ॲपवर बोट ठेवलं की उलगडते.

उकरायचं काही नाही. डबी पुरून ठेवायला नियमानं बंदी आहे, त्यामुळं कुदळ, खुरपं घरीच.

आणि शेंदूर लावलेला दगड हलवायचा नाही. बांधावरचा म्हसोबा असो, झाडाखालची सातेरी असो, देवराईतला नुसता गोटा असो. खाली डबी असेल अशी शंकाही घेऊ नका. नियमात बसणाऱ्या माणसानं तिथं ठेवलेलीच नसते.

लोक संशयानं बघतात. कुणी हटकलं तर काय सांगायचं?

परदेशी सल्ल्यांत इथं एकच गोष्ट सांगितलेली असते: कुणाच्या लक्षात येऊ देऊ नका, फोनवर बोलतोय असं भासवा, माणसं गेली की हात घाला. आपल्याकडं हे उलटं करायचं. इथं माणसं जात नसतात. तुम्ही एका पडक्या गडग्याभोवती दोनदा फिरलात की तिसऱ्या फेरीला पलीकडच्या मळ्यातून आवाज येतोच:

“काय हरवलंय काय वो?”

इथं ‘काही नाही, असंच’ म्हणालात की संपलं. असंच कुणी दगड उचलून बघत नाही. गुप्तधन शोधणारे, जमीन मोजायला आलेले दलाल, चोर, यांपैकी कशात तरी तुम्हाला बसवलं जाणार. त्यापेक्षा सरळ सांगा: “आज्जी, एक खेळ आहे. कुणीतरी इथं डबी लपवलीय, फोनवर जागा येते, ती शोधायची आणि आत नाव लिहायचं.” फोनचा पडदा दाखवा. पुढचा प्रश्न ठरलेला असतो: “मग मिळतंय काय त्यात?” काही नाही म्हटल्यावर आज्जी तुमच्याकडं जरा दयेनं बघतात, आणि मग नातवाला हाक मारतात. नातवाला ती डबी बहुतेक आधीच माहीत असते.

गावातल्या एका घराला डबी माहीत असणं हा धोका नाही, तिची राखण आहे. ज्या डब्या अशा गुपचूप ठेवलेल्या असतात त्या गुरं राखणाऱ्या पोरांना मिळतात आणि मग मिळत नाहीत; ज्यांच्याबद्दल शेजारच्या घराला सांगून ठेवलंय त्या टिकतात. शहरातही तेच. वॉचमन, चहाची गाडी, बागेचा माळी यांना आधी सांगा. पोलिसांनी विचारलं तर डबीचं पान उघडून दाखवा, डबी त्यांच्यासमोर उघडा, आवाज चढवू नका.

बोली कन्नड असलेल्या गावात?

खानापूरच्या पश्चिमेला आणि निपाणीकडं मराठीवर निभावतं. गोकाक, सौंदत्ती, बैलहोंगलकडं कन्नडची दोन वाक्यं जवळ ठेवा. “आटा री, डब्बी हुडकाकत्तीवि” (खेळ आहे हो, डबी शोधतोय) एवढं म्हटलं तरी समोरचा हसतो आणि पुढं हिंदी-मराठी-कन्नडच्या खिचडीत काम होतं. सीमाभागात माणसं भाषेवरून अडत नाहीत. अडवणारे वेगळे असतात, आणि ते रानात डब्या शोधत फिरत नाहीत.

कुठं शोधायचं नाही आणि कुठं ठेवायचं नाही?

बेळगावात ही यादी इतर शहरांपेक्षा लांब आहे.

लष्कराची हद्द. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथं आहे, कॅम्पचा मोठा भाग, गोळीबाराच्या सरावाची मैदानं, सांबऱ्याला हवाई दलाचं प्रशिक्षण केंद्र आणि विमानतळ. तारेच्या कुंपणाजवळ फोन धरून घुटमळायचंसुद्धा नाही. बेळगावच्या किल्ल्यातही लष्कर आहे. तिथली कमल बस्ती तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, संरक्षित वास्तू. बघायला जरूर जा, पण तिच्या दगडांच्या फटीत हात घालायला नव्हे. हलशीची कदंबांच्या काळातली मंदिरं आणि देगावचं कमलनारायण मंदिर यांनाही हेच लागू.

रेल्वे. टिळकवाडीच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या गेटजवळ रोजची गर्दी बघून कुणाला तरी तिथं डबी ठेवायची कल्पना सुचतेच. नको. रूळ, स्टेशन, बसस्टँड, शाळा, दवाखाना, पूल ही सगळी ‘बेवारस वस्तू दिसल्यास कळवा’ या पाटीखालची ठिकाणं. टेप गुंडाळलेला काळा डबा तिथं सापडला तर बॉम्बशोधक पथक येतं, आणि पुढं तुमचं नाव येतं.

पुतळे, झेंड्याचे खांब, गावांच्या नावाच्या पाट्या. का ते इथल्या माणसाला सांगायला नको. याच कारणानं १ नोव्हेंबरच्या आसपास आणि सुवर्णविधानसौधमधे हिवाळी अधिवेशन चालू असताना शहरात शोधाशोध करू नये. बंदोबस्त असतो, कधी जमावबंदीही असते.

भीमगड अभयारण्य. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणं हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे, तिथं डबी ठेवायचा प्रश्नच नाही. त्याच जंगलात बारापेड्याच्या गुहांत राऊटनचं वटवाघूळ राहतं, जगात अतिशय मोजक्या ठिकाणी सापडणारा प्राणी. राखीव जंगलातही वनखात्याला विचारल्याशिवाय जाऊ नका. गवे, अस्वलं आहेत, अधूनमधून दांडेलीकडून हत्ती येतात.

उभं पीक. जून-जुलैत भाताची लावणी झाली की बांधावरून चालताना बांध ढासळतो, शेतकऱ्याचं पाणी वाहून जातं. चिकोडी-निपाणीकडच्या उसात शिरायचंच नाही: साप, रानडुकरं, आणि त्या डुकरांसाठी रात्री तारेत सोडलेला करंट. शेवटचा सगळ्यात वाईट.

पावसाळ्यात खेळता येतं का?

शहरात, छत्री घेऊन, हो. कणकुंबी, जांबोटी, चोर्ल्याकडं जून ते सप्टेंबर नको. तिकडचा पाऊस बेळगावच्या पावसाचा थोरला भाऊ आहे. ओढा अर्ध्या तासात चढतो, जळवा लागतात, जांभ्यावर शेवाळ येऊन पाय घसरतो, आणि धबधब्यांच्या वाटांवर अनेकदा प्रशासनाची बंदीही असते. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारी हा आपला हंगाम.

साप, विंचू?

दगडाखाली डोळे झाकून हात घालू नये, एवढं पाळलं तरी बरंच झालं. आधी काठीनं दगड आपल्या अंगाच्या दिशेनं उलटवा, म्हणजे खाली जे असेल ते पलीकडच्या बाजूनं निघून जाईल. सड्यावरच्या दगडांखाली फुरसं असतं, लहान, मातीच्याच रंगाचं. घोटा झाकणारे बूट घाला. चावलंच तर दोरी बांधू नका, कापू नका, मांत्रिक नको. तो हात-पाय न हलवता १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखान्यात.

सोबत काय न्यायचं?

पेन्सिल. डबीत बहुधा नसते, आणि दमट कागदावर पेन चालत नाही. पाणी, पॉवर बँक, टॉर्च, एक चिमटा (गुंडाळलेला कागद अरुंद डबीतून बोटानं निघत नाही), रिकामी पिशवी. पिशवी कचऱ्यासाठी. वाटेतला कचरा उचलत यायचं ही या खेळातली जुनी पद्धत आहे, २००२ पासून त्याचे जगभर कार्यक्रम होतात. राजहंसगडावर एकदा फिरून या, पिशवी पुरणार नाही.

डबीत नंबर कोरलेलं नाणं सापडलं. घेऊ का?

घ्या, पण ठेवून घेऊ नका. तो फिरता ऐवज आहे. त्यावरचा क्रमांक ॲपमध्ये टाकला की तो कुठून निघाला, मालकाला तो कुठवर जायला हवा आहे, हे दिसतं. कुणाला तो समुद्रकिनाऱ्यांवर फिरवायचा असतो, कुणाला किल्ल्यांवर. तुम्ही गोव्यात उचललात आणि चोर्ला घाट चढून बेळगावात आणलात, की त्याच्या प्रवासाच्या रेषेत तेवढं अंतर वाढतं. पुढच्या डबीत ठेवा. जवळपास डबी नसेल तर मालकाला तसं लिहा. कपाटाच्या खणात वर्षभर पडून राहू देऊ नका.

नोंदीत काय लिहायचं? नाही सापडली तर लिहायचं का?

नाही सापडली तर नक्की लिहा. त्यात कमीपणा नाही. तीन जणांनी ‘नाही मिळाली’ लिहिलं की मालकाला कळतं, जाऊन बघायला हवं. सापडल्याची नोंद मात्र कागदावर सही केली असेल तरच. आणि नुसतं ‘छान’ लिहू नका. कागद भिजलाय, झाकण तडकलंय, वाटेत नवं कुंपण झालंय, हे लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. जागा फोडणारा फोटो टाकू नका.

स्वतःची डबी ठेवायची आहे. काय काय लागतं?

आधी पाच-दहा शोधा. हा नियम नाही, माझं मत आहे, आणि मी त्यावर ठाम आहे. वाईट डबी कशी असते हे हातात धरल्याशिवाय चांगली करता येत नाही.

मग जागेच्या मालकाची परवानगी. शेतात असेल तर शेतकऱ्याची, देवळाच्या आवारात ट्रस्टची, पंचायतीच्या जागेत पंचायतीची. तोंडी मिळाली तरी कुणी, कधी दिली ते लिहून ठेवा. दुसऱ्या डबीपासून किमान १६१ मीटर अंतर लागतं. आकडे दोन वेगवेगळ्या दिवशी, पाच-सहा वेळा घेऊन त्यांची सरासरी काढा. संकेतस्थळावर अर्ज भरला की एक स्वयंसेवक तपासनीस तो वाचतो, शंका विचारतो आणि मग प्रसिद्ध करतो. सुट्टीला आलेल्या पाहुण्यानं ठेवून निघून जायचं, असं चालत नाही. अधूनमधून जाऊन बघणारा माणूस जवळ असावा लागतो.

आता डबी. इथल्या पावसात डबी टिकवणं हेच खरं काम. काचेची बाटली, पत्र्याचा डबा, बिस्किटांचा प्लास्टिक डबा, सगळे पहिल्या जुलैत जातात. चारी बाजूंनी कडी लागणारा, झाकणात रबरी कड असलेला जेवणाचा डबा घ्या. विकत घेताना दुकानातच झाकण काढून त्या रबरी कडेवरून बोट फिरवा. कुठं खाच, जोड, उंचवटा लागला तर तो परत द्या आणि दुसरा मागा. घरी आणला की आत कोरडा टिश्यूपेपर ठेवून, कड्या लावून, बादलीत दगडाखाली रात्रभर दाबून ठेवा. सकाळी कागद कोरडा निघाला तर तो डबा चालेल. नोंदीचा कागद झिपच्या पिशवीत, त्यात बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी. आणि प्रत्येक सापडवणाऱ्याला वर्णनातच सांगा: बंद करण्याआधी कड पुसा. त्या खोबणीत गवताची एक काडी किंवा वाळूचा एक कण राहिला तरी कडी लागते, झाकण बसल्यासारखं वाटतं, आणि पहिल्या मुसळधार पावसात आतल्या सगळ्या सह्यांचा लगदा होतो.

डबा पारदर्शक घ्या. बाहेरून मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हीत लिहा: हा खेळ आहे, आत धोकादायक काही नाही, कृपया इथंच ठेवा. काळी चिकटपट्टी गुंडाळू नका.

डबी न ठेवता काही करता येतं का? गोकाकच्या धबधब्यावर डबी टिकणार नाही.

तिथं ‘अर्थकॅश’ करा. यात डबी नसते. जागेचा भूगर्भ समजावून सांगणारं टिपण लिहायचं आणि तिथं जाऊन, बघूनच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारायचे. गोकाक त्यासाठी फार चांगली जागा आहे. घटप्रभा तिथं सुमारे ५२ मीटर खाली पडते, आणि ज्या खडकावरून पडते तो बेळगाव शहराखालच्या काळ्या पाषाणापेक्षा कितीतरी जुना, वाळूचा थरावर थर बसून कडक झालेला. थर उघड्या डोळ्यांना दिसतात. प्रश्न असे हवेत: थर आडवे आहेत की कललेले? कठीण थराखालचा मऊ थर आत खाल्ला गेलाय का? उत्तरं सुरक्षित जागेवरून, काठाशी न जाता देता आली पाहिजेत. तपासनीस हे बघतो आणि बघायलाच हवं.

बेळगावच्या सड्यावरचा जांभा हाही तसाच विषय. पाषाण झिजून तांबडा, भोकाभोकांचा दगड कसा झाला, हे आपल्यातल्या प्रत्येकाच्या घराच्या जुन्या भिंतीत दिसतं, पण कुणी त्याच्याकडं बघत नाही.

मुलांना किती वयापासून नेता येतं?

चालता येतं तेव्हापासून. पाच-सहा वर्षांची मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शोधतात, त्यांची उंचीच डबीच्या उंचीची असते. जवळ डबी नसली तर घरचा खेळ करा. दिवाळीच्या सुट्टीत गल्लीत किल्ले होतातच. चार-पाच घरांच्या परसात एकेक डबी ठेवा, आकडे चिठ्ठीवर लिहून द्या आणि पोरांना सोडा. कुठल्याही संकेतस्थळाची गरज नाही. अंतर मात्र निदान तीस-चाळीस मीटर ठेवा, नाहीतर फोनला दोन जागांतला फरक कळणार नाही.

खर्च किती?

फोन आहे असं धरलं तर पेट्रोलचा.

एकटीनं जावं का?

शहरातल्या बागेत, दिवसा, का नाही. गावाबाहेर मात्र बाई असो की पुरुष, दोघं-तिघं मिळून जा, कुठल्या वाटेनं चाललोय ते घरी सांगा आणि अंधार पडायच्या आत डांबरी रस्त्याला लागा. मदतीसाठी ११२.

डबी ठेवली आणि मग नोकरीसाठी पुण्याला गेलो तर?

हे आपल्याकडं होणारच, म्हणून आधीच ठरवा. इथं राहणाऱ्या कुणा खेळणाऱ्याच्या नावावर डबी करून देता येते. संकेतस्थळावर तशी सोय आहे, दोघांची संमती लागते. कुणी मिळालं नाही तर पान कायमचं बंद करा. पण बंद करायच्या आधी जाऊन डबी उचलून आणा. पडद्यावरून गायब झालेली डबी रानात तशीच पडून राहिली तर तो प्लास्टिकचा कचराच. गणपतीला घरी याल तेव्हा पाऊस असेल. दिवाळीला या आणि काढून न्या. ज्या शेतकऱ्यानं परवानगी दिली होती त्याच्या दारावरून जाताना, डबी काढली म्हणून सांगून जा.